साडेचार मीटर

भवानी पेठेत लुंकडशेठनं काउंटरवर
तीन हार्नेस पसरले,
लग्नाचे शालू दाखवावेत तसे.
हा साधा. हा दोन हुकांचा. हा बाहेरचा, मांडीला गादी.
"पोरं किती?"
सात.
"मग साधाच घ्या, सातांवर हेल्मेट फुकट."

कॅटलॉगात एक गोरा माणूस
निळ्या आभाळात लटकलेला, हसतोय.
त्याच्या पायाखाली काय आहे
ते फोटोत कापलंय.

भोसरीला परत येऊन शेड मोजली,
वळचणीपासून खालच्या कोब्यापर्यंत:
साडेचार मीटर.
मग चहाच्या पावतीच्या पाठीवर मांडलं.
दोर, एक पूर्णांक आठ.
झटका खाणारी पट्टी, टाके उसवत उलगडणार, एक पूर्णांक सात.
बसप्पा, पाठीवरल्या कडीपासून टाचेपर्यंत, दीड.
आणि खाली उरावी म्हणून हवा, एक.
सहा.
पुन्हा बेरीज केली.
पुन्हा जमीन
दीड मीटर अगोदर आली.

म्हणजे सगळं नियमानं झालं असतं.
हुक शाबूत, शिक्का शाबूत,
पावती फायलीत,
पट्टी अर्धी उलगडलेली.
उंच इमारतीवर जो दोर वाचवतो
तो या बुटक्या शेडवर नुसता साक्षीदार.

तौसीफनंही घातला होता.
गेल्या वर्षी, पलीकडच्या गाळ्यात,
उजेडासाठी मधेमधे बसवलेल्या दुधी पत्र्यातून गेला तेव्हा
हुक त्याच्या स्वतःच्याच पट्ट्याला अडकवलेला होता.
दर पाच पावलांनी कोण काढ-घाल करणार,
हातात सोलरची प्लेट, पत्रा तव्यासारखा,
आणि सुपरवायझर खालून ओरडतोय.
तो सुपरवायझर मी नव्हतो.
मी शेजारच्या छपरावर ओरडत होतो.

बसप्पानं पावती उलटसुलट पाहिली.
म्हणाला, म्हशीला दावं केवढं सोडता?
म्हटलं, आमच्याकडं म्हैस नव्हती. सदाशिव पेठ.
तो हसला नाही.
"शेजाऱ्याच्या कडब्याला तोंड पोचणार नाही एवढंच सोडायचं.
पोचल्यावर ओढत कशाला बसायचं?"

एवढ्या वर्षांत दोन ट्रेनिंगं झाली माझी,
एक हॉटेलात, जेवणासकट.

मग यादी बदलली.
माथ्यावरून आडवी तार,
पत्र्यात नाही, खालच्या लोखंडी कैचीत आवळलेली.
तारेवर सरकणारी कडी, म्हणजे काढ-घाल नको.
दोर आखूड, कडेच्या अलीकडेच संपणारा.
दुधी पत्र्यांवर जाळी, प्रत्येकावर,
जिथं कुणी जात नाही तिथंही.
शिडी टेकते तिथं कठडा.

अकाउंट्सच्या दातेबाईंनी चष्मा वर केला.
"यात पडल्यावर झेलणारं काय आहे?"
काही नाही.
"मग एवढं महाग कसं?"
मी तोंड उघडलं,
आणि त्यांनी सही केली,
बहुधा जेवणाची सुट्टी झाली होती म्हणून.

मार्चमध्ये पहिल्यांदा मीच चढलो.
दिघीचा डोंगर वाळून पिवळा,
खाली फोर्कलिफ्टची टूंटूं.
पन्हळीत संक्रांतीचा एक पतंग पडलेला,
शेपूट अजून लाल.
उगाच गेलो त्याच्याकडं. पालथा पडलो, हात लांबवला.
दोर पाठीत ताणला.
एक वीत कमी.
आणखी लांबवला. तेवढीच वीत.

माथ्यावर बसप्पा बिडी न पेटवता बसला होता.
"पोचत नाही ना?"
नाही.
"मग राहू द्या की," म्हणाला,
आणि माझ्याकडं पाहत नव्हताच तो,
कडीला बोट लावून
तार अजून थोडी कंप पावतेय का
ते बघत होता.